दुकानावरचं माझं नाव

मामा,

तुमच्या दहाव्याला नदीवर जमलेल्या प्रत्येकाला तुमच्याबद्दल काहीतरी सांगायचं होतं. कुणाच्या बाळंतिणीचं औषध तुम्ही भर पावसात डोंगरावरच्या वाडीत पोचवलं होतं, कुणाच्या म्हाताऱ्याला जीपमध्ये घालून साताऱ्याला नेलं होतं. सगळे एकमेकांना दुजोरा देत होते आणि मी एका बाजूला गप्प उभी होते. मावशी म्हणाली, "पोरीला लय लागलंय." लागलं होतंच. पण गप्प राहण्याचं कारण वेगळं होतं. माझं तुमच्याशी भांडण अजून चालू आहे, आणि दहाव्याला भांडायचं नसतं एवढं मलाही कळतं.

म्हणून आज सुट्टीच्या दिवशी, सांगलीच्या या खोलीत बसून लिहितेय. इथं अडवणारं कुणी नाही. आणि मधेच "आगं, आधी माझं ऐक" म्हणून माझं बोलणं तोडणारंही कुणी नाही, हे मात्र जड जातंय.

आपलं भांडण तसं साधं होतं. औषध देणाऱ्या माणसानं दुकानात बसावं की दवाखान्यात? तुम्ही म्हणायचा दुकानात, मी म्हणायचे दवाखान्यात. ऐकणाऱ्याला वाटावं, एवढ्याशा गोष्टीवर मामा-भाची वर्षानुवर्षं काय वाद घालतात. पण त्यात तुमचं सगळं दुकान होतं आणि माझं सगळं पुढचं आयुष्य होतं.

मी माणमधून तुमच्याकडे आले ती दहावी झाल्यावर. वडील मुंबईला मार्केटमध्ये, आई गावी शेरडं सांभाळायची, आणि पुढं शिकायचं तर कुठं हा प्रश्न. तुम्ही आईला म्हणालात, "ताई, पोरगी माझ्याकडं ऱ्हाऊ दे मेढ्याला." आमच्या गावचं सगळं रान करड्या रंगाचं. त्या दिवशी एस.टी.च्या खिडकीतून जावळीची हिरवी भातशेतं दिसली तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं, "मामा, हितं एवढं पाणी कुणाचं?" तुम्ही खो खो हसलात. म्हणालात, "तुझंबी हाय आता."

तुमचं दुकान स्टँडच्या मागं. मी कॉलेजातून आले की तिथंच अभ्यास करायची. कुलकर्णी काका फार्मासिस्ट, दुकान तुमचं. तुम्ही स्वतः फार्मसी शिकला नव्हता, आणि ते तुम्ही कधी लपवलं नाही. "गोळीला हात लावायचा तो काकांनीच, मी फक्त माणसाला हात लावणार," असं म्हणायचा. आणि खरंच, आलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवल्याशिवाय तुम्हाला बोलताच यायचं नाही.

महाबळेश्वरला टॅक्सी चालवणारा तो आपला शंकर आठवतो का? शुगरची गोळी त्यानं परस्पर बंद केली होती. काका त्याला समजावून दमले. शंकरचं एकच, "मला आता बरं वाटतंय, मग कशाला खायाची?" तुम्ही आतून उठून आलात, त्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि विचारलंत, "घाट नीट उतरला म्हणून घरी गेल्यावर गाडीचं ब्रेक काढून ठेवतूस का रं गड्या?" शंकरनं हात पुढं केला आणि म्हणाला, "द्या, काका, गोळी द्या." मी पुस्तकात तोंड खुपसून हसत होते.

काकांचे गुडघे दुखायला लागले, त्यांचा मुलगा त्यांना पुण्याला बोलवायला लागला. तेव्हा तुम्ही मला साताऱ्याला डी.फार्मसीच्या पदविकेला घातलंत. तुमच्या मनात काय होतं ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि मला ते मान्यही होतं. काका गेले की भाची बसेल, दुकान चालू राहील. माझं रजिस्ट्रेशन झालं, परवान्यावर माझं नाव चढलं, तेव्हा तुम्ही पेंटर बोलावून दुकानाच्या पाटीवर माझं नाव लिहून घेतलंत. तुमचं नाव त्या पाटीवर कधीच नव्हतं. मी म्हणाले, "तुमचंबी घाला की." तुम्ही म्हणालात, "मी पाटीखाली उभा ऱ्हाणार की, मग नाव कशाला?"

तसंच चालू राहिलं असतं, मामा. मी आज मेढ्यातच असते. पण मामी आजारी पडल्या.

आधी पाय सुजले, मग तोंड. भूक गेली, दम लागायला लागला. साताऱ्यातल्या डॉक्टरांनी किडनीचं सांगितलं आणि मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले. मामींची बहीण सांगलीला, म्हणून आपण सांगली गाठली. एस.टी. नको म्हणून शंकरचीच गाडी केली होती.

वॉर्डात दुसऱ्या दिवशी पांढऱ्या कोटातल्या एक बाई आल्या. मला वाटलं डॉक्टरच. त्या खुर्ची ओढून मामींच्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, घरी ज्या ज्या गोळ्या घेता त्या सगळ्या मला दाखवा." मामींनी पिशवीतून बी.पी.च्या गोळ्या काढल्या, लघवी साफ व्हायची गोळी काढली. "अजून काही?" बाईंनी विचारलं. "न्हाई." "दुखण्याची? झोपेची? कुणी दिलेली?" तेव्हा मामींनी पदराची गाठ सोडली आणि त्यातून एक पाकीट काढलं.

"ही व्हय? ही तर आपल्या दुकानातलीच हाय. गुडघ्याची. रोज दोन घेती."

"कधीपासून?"

"लय दिवस झालं."

बाईंनी ते पाकीट हातात घेतलं, आपल्याकडं बघितलं, पण आपल्याला काही बोलल्या नाहीत. डॉक्टरांना गाठून त्यांच्याशी बोलल्या. बी.पी.ची गोळी, लघवीची गोळी आणि वर रोज ही दुखण्याची गोळी, तिन्हींचा मिळून किडनीवर ताण आला होता. ती गोळी तुम्हीच कधीतरी घरी आणून दिली होती, मामी गुडघे धरून बसायच्या म्हणून. घरातलंच माणूस, काकांना काय विचारायचं, असं तुम्हाला वाटलं होतं. संपली की मामी दुसरी मागायच्या आणि तुम्ही आणायचा. आपल्या दोघांच्याही डोळ्यादेखत त्या घेत असतील आणि आपल्याला कधी दिसलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तुम्ही जिन्याच्या पायरीवर बसला होता. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. मी शेजारी बसले.

"आपल्याच दुकानातली गोळी, पोरी."

"मामा, तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक नव्हतं म्हणूनच म्हंतोय," तुम्ही म्हणालात, आणि मग कितीतरी वेळ त्या टोपीची घडी घालत आणि मोडत राहिलात.

मामी बऱ्या झाल्या. सूज उतरली, रिपोर्ट हळूहळू ताळ्यावर आले. त्या बाई रोज येत होत्या. अनुजा मॅडम, दवाखान्याच्या फार्मासिस्ट. मला तोपर्यंत वाटायचं, फार्मासिस्ट म्हणजे काउंटरच्या आत उभं राहणारं माणूस. हे माणूस काउंटर सोडून रोग्याच्या उशाशी येऊन बसतं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी त्यांच्या मागं मागं फिरायला लागले. एकदा त्याच म्हणाल्या, "आमच्याकडे शिकाऊ फार्मासिस्ट घेतात, वर्षभरासाठी. मुलाखत असते. पदवीचे, बी.फार्मवाले पुष्कळ येतात, पण तू अर्ज तर कर."

मेढ्याला आल्यावर मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही घरातलं कपाट पुसत होता. पुसतच राहिलात.

"दुकान कोण बघायचं?"

"दुसरं कुणीतरी बघू."

"दुसरं कुणी म्हंजी कोण? हितं कोण येतंय पावसाचं मरायला? आणि तुला काय कमी हाय हितं?"

"कमी नाही मामा. मला ते शिकायचंय."

"दवाखान्यातली माणसं बरी हुत्यात आणि जात्यात. परत तोंडबी बघत न्हाईत. हितं आपण माणसाला जन्मभर बघतो. पोराला ताप आला तवा बघतो, त्याच पोराचं लगीन झाल्यावर त्याच्या बायकूला बघतो. हे सोडून तू जायाचं म्हंतीस?"

मी म्हणाले, "जन्मभर बघतो, पण विचारतो का?"

तुमचा हात थांबला. मी पुढं काही बोलणार तेवढ्यात आतल्या दारातून मामी म्हणाल्या, "आवं, जाऊ द्या तिला. माझ्या पोटात काय जातंय ते त्या बाईनं इचारलं. आपल्या घरात न्हाई कुणी इचारलं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. चहा झालाय म्हणून सांगावं तशा त्या बोलल्या. पण तुम्ही फडकं खाली ठेवलंत आणि तसेच रस्त्यावर निघून गेलात. त्यानंतर बरेच दिवस घरात तो विषय निघाला नाही.

मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा वाटलं होतं मी एकटीच जाईन. सकाळी बघते तर तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, टोपी झटकून तयार. "एवढ्या लांब एकली कशी जाशील?" म्हणालात. मी साताऱ्याला रोज एकटीच जात होते हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. साताऱ्याच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागली, तुम्ही रुमाल टाकून खिडकीची जागा धरलीत आणि मला बसवलंत. वाटेत म्हणालात, "झालं न्हाई तर वाईट वाटून घेऊ नगंस." थोड्या वेळानं म्हणालात, "आणि झालं तरी लगीच हरखून जाऊ नगंस." मला कळेना तुम्हाला काय हवंय. मला वाटतं तुम्हालाही कळत नव्हतं.

बाहेर बाकावर बसलेल्या बाकीच्या मुली इंग्रजीत बोलत होत्या. सगळ्या बी.फार्म. तुम्ही शेजारी बसून एका आजोबांना त्यांची चिठ्ठी वाचून कुठल्या खिडकीत जायचं ते सांगत होता. स्वतःचं दुकान असल्यासारखे.

आत तिघे होते. एक डॉक्टर, मुख्य फार्मासिस्ट सर आणि अनुजा मॅडम. लहान मुलाच्या वजनावरून औषधाची मात्रा काढायला सांगितली, ती जमली. इंजेक्शनांच्या साठवणुकीचं विचारलं, त्यात मी अडखळले. सलाईनमध्ये काय मिसळायचं नसतं ते विचारलं, ते मला येतच नव्हतं आणि येत नाही असं सांगितलं. माझं झालं, असं मला वाटायला लागलं. मग डॉक्टरांनी विचारलं, "पेशंट म्हणतो, मला बरं वाटतंय, मी शुगरची गोळी बंद केली. काय सांगशील?"

मी शंकरची गोष्ट सांगितली, मामा. घाटाची आणि ब्रेकची. तुमच्याच शब्दांत, तुमच्याच बोलीत, कारण दुसऱ्या कुठल्या बोलीत ती नीट बसत नाही. डॉक्टर मोठ्यानं हसले. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "हे कुणाचं?"

"माझ्या मामांचं. त्यांचं मेडिकल आहे मेढ्याला. बाहेर बसलेत."

"तुझं नाव तिथल्या परवान्यावर आहे?"

"हो."

"इथं यायचं तर ते काढावं लागेल. एका माणसाचं नाव दोन ठिकाणी चालत नाही. आणि घरचं दुकान असलेली मुलं दोन-चार महिन्यांत परत जातात, असा आमचा अनुभव आहे. तुझं काय?"

मी म्हणाले, "मामांना विचारून येते."

आता आठवलं की हसू येतं. मुलाखतीतून उठून कुणी मामाला विचारायला जातं का? पण सर म्हणाले, "जा, विचार."

मी बाहेर आले. तुम्ही उभे राहिलात. मी सांगितलं, ते दुकानावरचं नाव काढायला सांगतायत. तुम्हाला त्याचा अर्थ माझ्यापेक्षा लवकर कळला. नाव निघालं की दुसऱ्या दिवसापासून शटर खाली. जन्मभर चालवलेलं दुकान. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाही. वॉर्डाकडं जाणाऱ्या त्या लांब पॅसेजकडं बघत होता, जिथून मामींना व्हीलचेअरवर नेलं होतं.

"काढ," म्हणालात.

"मामा, दुकान..."

"काढ म्हंतोय न्हवं. जा आत. ती माणसं थांबल्यात."

आणि मला ढकलल्यासारखं करून तुम्ही चहा बघायला खाली निघून गेलात.

मला जागा मिळाली. त्यानंतर दुकान बरेच दिवस बंद राहिलं. लोक कुरकुरले, साध्या तापाच्या गोळीला लांब जावं लागतंय म्हणाले. एकजण तर तुमच्याकडं येऊन सांगून गेला की कुणाचं तरी नाव परवान्यापुरतं मिळवून देतो, तो माणूस इथं यायचाही नाही, तुम्ही दुकान चालवा. पुष्कळ ठिकाणी चालतं तसं. मामी सांगतात, तुम्ही त्याला नुसतं म्हणालात, "नाव घिऊन काय करू? मला माणूस पायजे." मग वाईचा दिगंबर आला, माझ्याच कॉलेजचा. त्याला तुम्ही आपल्याच घरी ठेवून घेतलंत. माझ्या खोलीत.

मला पहिले काही महिने सांगलीत फार जड गेले. उशाशी बसायचं सोडाच, भांडारात खोकी मोजणं, तारीख उलटलेलं वेगळं काढणं, फ्रीजचं तापमान बघणं. बी.फार्मच्या मुलींना जे येत होतं ते मला शिकून घ्यावं लागत होतं. तुमचा रोज संध्याकाळी फोन. "आज काय नवीन?" मी काहीबाही सांगायचे. तुम्ही बारीक बारीक विचारायचा. कुठली गोळी कशाबरोबर चालत नाही, दारू पिणाऱ्याला कुठली द्यायची नाही. मला वाटायचं, माझं मन रमावं म्हणून विचारतायत.

दिवाळीला आले तेव्हा कळलं. दुकानाच्या पायरीवर बायका बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या हातात पिशवी. तुम्ही एकेकीला म्हणत होता, "घरातल्या सगळ्या आणल्यास का? डब्यातल्या, गादीखालच्या, शेजारणीनं दिलेल्या? दाव दिगंबरला." मी दारात उभी राहून बघत होते.

मी म्हणाले, "मामा, हे दवाखान्यात करतात."

"ह्या! तुमी माणूस पडल्यावर इचारता. आमी पडायच्या आधी इचारतो. आता सांग, दुकान मोठं का दवाखाना?"

दिगंबर हसला, पायरीवरच्या बायका हसल्या. तुम्ही जिंकल्यासारखी टोपी मागं सारलीत आणि पुढच्या बाईला हाक मारलीत. एवढा खूश झालेला चेहरा मी तुमचा माझ्या रजिस्ट्रेशनच्या वेळीही बघितला नव्हता.

वर्ष संपलं, मला इथंच कायम केलं. आता मी वॉर्डात जाते. आणि मामा, तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलंय. जतकडचे एक आजोबा आमच्याकडे आले होते. मेंढरांमागं रानोमाळ फिरणारे. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलत होते. सोबत कुणी नाही. त्यांना मी विचारलं, कुठल्या गोळ्या घेता, तर म्हणाले, कुठल्याच नाही. कशानं दम लागतो तेही ठाऊक नाही. आयुष्यात दुकानाची पायरी चढले नव्हते. त्यांच्या वाटेवर दुकानच नव्हतं. त्यांना पहिल्यांदा कुणी विचारलं ते इथं. मी ठरवलं होतं, गावी आले की सांगायचं, "मामा, दुकानापर्यंत पोचतच नाही त्या माणसाला कोण विचारणार?" तुम्ही त्यावर काय म्हणाला असता? काहीतरी नक्की म्हणाला असता. मी इथं खोलीत बसून तुमच्या वतीनं तीन-चार उत्तरं तयार केली, पण एकही तुमच्यासारखं झालं नाही.

ते सांगायला यायच्या आधीच फोन आला. मी वॉर्डातच होते. सकाळी दुकानाला जायला निघताना तुम्ही चप्पल घालायला वाकलात आणि उठलाच नाहीत. अनुजा मॅडमनी माझ्या हातातलं काम काढून घेतलं आणि मला गाडीत बसवून दिलं.

तेराव्यानंतर घरात बसलेली माणसं माझ्याकडं बघायला लागली. तुमचे चुलतभाऊ म्हणाले, "आता पोरी, तूच ये. शिकलेली घरची हाईस. दुकान दुसऱ्याच्या हातात कसं द्यायाचं?" त्यांचं चुकत नव्हतं. मला एकदम वाटलं, खरंच यावं. वाद घालायला तुम्हीच नाही, तर माझ्या बाजूनं उभं राहून तरी काय करायचं? मी "येते" म्हणणारच होते.

मामी आतून आल्या. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "ती न्हाई यायची. तिला तिकडं काम हाय. ह्यांनी सवताच्या तोंडानं तिचं नाव काढाय लावलंय. ते मी परत लावून घेणार न्हाई."

"मग दुकान?"

"दुकान मी उघडती."

मामी कधी त्या दुकानात पाच मिनिटंही बसलेल्या नव्हत्या. चुलतमामा म्हणाले, "वैनी, तुमाला काय कळतंय त्यातलं?"

"गोळ्या दिगंबर दील," मामी म्हणाल्या. "मी इचारीन."

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला निघाले. स्टँडवर गाडीला वेळ होता म्हणून मागं दुकानाकडं गेले. शटर वर होतं. मामी तुमच्या जागेवर बसल्या होत्या. समोर एक म्हातारी चिठ्ठी घेऊन उभी होती, तुमच्या जागी बाई बघून बुजलेली. मामी उठल्या, काउंटरला वळसा घालून बाहेर आल्या, आणि तिचा हात धरून तिला बाकावर बसवलं.

मी हाक मारली नाही, मामा. गाडी लागली होती.